जखमींचे डॉक्टर कोटणीस

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई हीच नावे प्रथम मनात आली. परंतु त्यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे, आणि माझ्याहून जाणत्या भगिनींनी लिहिले आहे. मग गेल्या उन्हाळ्यातील एक प्रसंग आठवला आणि त्याच्यामागून सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे नाव आठवले. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे सांगण्यासाठी तो प्रसंग आधी थोडक्यात सांगते.

आम्ही तिघीजणी चारठाण्याच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या होतो. डोळ्यांदेखत एक मोटारसायकल खडीवरून घसरली. चालवणारा पाय धरून मोठमोठ्याने ओरडू लागला, तेव्हा सगळी माणसे धावली ती त्याच्याकडे. मागे बसलेला मुलगा चार हातांवर जाऊन पडला होता. तो गप्प होता. गप्प आहे त्या अर्थी त्याला फारसे लागलेले नसावे असे सर्वांना वाटले, आणि खोटे कशाला सांगू, मलाही तसेच वाटले. थोड्या वेळाने कोणी त्याच्या तोंडात पाणी ओतू लागले, कोणी काखेत हात घालून त्याला बसते करू लागले. इतक्यात एका जीपमधून एक बाई उतरल्या. त्या परिचारिका होत्या हे मागाहून कळले. त्यांनी पाणी थांबवले, मुलाला पुन्हा सपाट निजवले, त्याचे डोके दोन्ही हातांत स्थिर धरले, आणि मला त्याच्या मांडीवरची जखम पदराचा बोळा करून जोराने दाबून धरायला सांगितले. मी सारखी पदर उचलून रक्त थांबले का ते पाहत होते, त्याबद्दल त्या मला रागावल्या. दाबायचे म्हणजे दाबायचे, मधून मधून उघडून पाहायचे नाही, हे मला त्या दिवशी कळले. मुलगा वाचला. परंतु त्या बाई त्या वेळी तेथून गेल्या नसत्या, तर आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी दयाबुद्धीने, त्याला मारलेच असते.

ओरडणाऱ्याच्या आधी गप्प पडलेल्याकडे जावे, हे शहाणपण माणसाला रणांगणाने शिकवले आहे. नेपोलियनच्या फौजेत लॅरे नावाचा शस्त्रवैद्य होता. लढाई संपेपर्यंत जखमी तसेच पडून राहत, आणि उचलले जात ते आधी सरदार व मग शिपाई, अशी तोवरची रीत होती. लॅरेने हलक्या घोडागाड्या करून चालू लढाईतून जखमी उचलण्यास आरंभ केला. पुढे त्याने असा दंडकच घातला की जखम ज्याची अधिक जिवावरची, त्याला आधी पाहायचे. मग तो कोणत्या हुद्द्याचा, इतकेच काय कोणत्या बाजूचा, हे विचारायचे नाही. दीडएकशे वर्षांनी हाच धडा चीनच्या डोंगरांत आपल्या सोलापूरच्या एका मुलाच्या वाट्याला आला.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. वडील गिरणीत नोकरीस होते. घरात भाऊ-बहिणींचा मोठा गोतावळा. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपण ज्याला केईएम म्हणतो तेथे, त्यांचे डॉक्टरीचे शिक्षण झाले. मध्यम स्थितीतील घरातल्या मुलाला डॉक्टर करणे म्हणजे काय असते, हे आपणांस सांगावयास नको. आता पुढची परीक्षा द्यावी, दवाखाना थाटावा, बहिणींची लग्ने व्हावीत, अशीच त्या घराची अपेक्षा असणार.

१९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी देशाला आवाहन केले, बावीस हजार रुपयांचा निधी जमला, आणि पाच डॉक्टरांचे एक पथक निघाले. अलाहाबादचे डॉक्टर अटल हे प्रमुख. ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे वयोवृद्ध डॉक्टर चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. कोटणीसांचे वय त्या वेळी अठ्ठावीसही पुरे नव्हते. चीनविषयी त्यांना फारशी माहितीही नव्हती. त्यांनी घरी विचारले. वडिलांनी उत्तेजन दिले. आईला मात्र मुलगा इतक्या दूर जाणार याचे दुःख झाले. मला वाटते, दोघांचेही बरोबरच होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून राजपुताना नावाची आगबोट सुटली. देश स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या पीडित देशासाठी डॉक्टर पाठवतो, ही गोष्ट आज वाचतानाही ऊर भरून येतो. कँटनला ते पोहोचले तेव्हा सुन् यत्‌सेन यांच्या पत्नी स्वागतास हजर होत्या. तेथून मजल दरमजल करीत, शहरामागून शहर जपानच्या हाती पडत असताना, पथक चुंगकिंगला आले. तेथे पाचही जणांनी आपापल्या चिनी नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे ह्वा हे अक्षर जोडून घेतले. कोटणीसांचे नाव झाले खो तिह्वा. चीनमध्ये आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

चुंगकिंगमध्येच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. सोलापुरात आई, लहान भावंडे, आणि हा मुलगा हजारो कोसांवर. परत जा, असे सोबत्यांनी सुचवले, आणि कोणी नावेही ठेवली नसती. ते परतले नाहीत. या ठिकाणी चरित्रे लिहिणारे त्यांची फार स्तुती करतात. मी स्तुती करीत नाही आणि दोषही देत नाही; त्या आईने पुढची वर्षे कशी काढली असतील, एवढेच मनात येते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. वर्षभरात चोळकर व मुखर्जी मायदेशी परतले, पुढे अटलही परतले. कोटणीस आणि बसू राहिले. आणि जपानी फळी ओलांडून उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात गेले. त्या मुलखात आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेला होता. त्याची हकीकत थोडी सांगितल्याशिवाय कोटणीसांचे काम कळणार नाही.

कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून हे १९३८ साली चीनमध्ये आले. जखमी माणसे डोंगर उतरून, लोकांच्या खांद्यांवरून, दोन-दोन तीन-तीन दिवसांनी इस्पितळात पोहोचत असत, हे त्यांनी पाहिले. तोवर ज्याचे रक्त वाहायचे त्याचे वाहून गेलेले असे. ज्याचे रक्त थांबले, त्याच्या जखमेत माती, चिंध्या, शेणमाती शिरून ती सडलेली असे. त्या काळी पेनिसिलिन हाताशी नव्हते. जखम पहिल्या काही तासांत स्वच्छ धुऊन, मेलेले मांस कापून काढले तर हातपाय वाचण्याची आशा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय कापण्यावाचून गती नसे, आणि पुष्कळदा तेवढ्यानेही भागत नसे. बेथून यांनी हिशेब उलटा केला. जखमीने डॉक्टरकडे यायचे नाही, डॉक्टरने जखमीकडे जायचे. खेचराच्या पाठीवर दोहो बाजूंनी बसेल असे, पुलासारखे दिसणारे एक लाकडी खोगीर त्यांनी करवून घेतले. त्यात शंभर शस्त्रक्रियांचे सामान मावत असे. गाव लागेल तेथे, देऊळ मिळेल तेथे टेबल मांडायचे. १९३९ च्या एका लढाईत त्यांनी अशाच एका लहान देवळात ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या.

आपण चारठाण्याच्या बायका जुन्या देवळांच्या सावलीत वाढलो. हेमाडपंती खांबांत शेण-सडा घालणे, दिवा लावणे हे आपण जाणतो; परंतु गाभाऱ्यासमोर पंचा पसरून, कंदिलाच्या उजेडात कोणाचा मोडलेला पाय जोडणे चालले आहे, हे चित्र मी डोळ्यांपुढे आणून पाहिले, आणि मला त्यात काही विटाळ वाटला नाही.

शस्त्रक्रिया करताना हातमोज्यांवाचून बोट कापल्याचे निमित्त होऊन, रक्तात विष भिनून बेथून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले. त्यांच्यासोबत काम करण्याच्या आशेने निघालेल्या कोटणीसांना त्यांचे काम पुढे चालवावे लागले.

१९४० च्या उत्तरार्धात चिनी फौजांनी जपान्यांवर मोठी चढाई केली. एका लढाईत कोटणीसांनी आठशेवर जखमींवर उपचार केले, आणि त्यात सतत ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. ७२ तास म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री. घरात एखादे मूल तापाने फणफणले की दुसऱ्या रात्री आपल्या हातून दूध उतू जाते. येथे हातात सुरी होती. मी याला पराक्रम म्हणत नाही. दुसरा डॉक्टर नव्हता, म्हणून ते झाले. आठशे माणसे एकदम समोर आली, की पहिले काम सुरीचे नसतेच, पहिले काम डोळ्यांचे असते. कोण थांबू शकेल, कोण थांबू शकणार नाही, आणि कोणाला आता काहीच करता येणार नाही, हे निवडावे लागते. ज्याचा मोडलेला हात दुखतो आहे तो ओरडतो. त्याच्या छातीत वारा आहे, रक्त अंगात आहे, म्हणून तर तो ओरडू शकतो. ज्याचे तोंड पांढरेफटक, हातपाय गार, नाडी जलद आणि बारीक, तो हळूहळू बोलेनासा होतो, त्याच्याकडे आधी जायचे. आणि ज्याच्यासाठी काही करता येणार नाही त्याच्याजवळून पुढे जायचे. हे तिसरे काम कोणत्या मनाने करीत असतील, कोण जाणे.

जखमींना खांद्यांवरून वाहून आणणारे गावकरीच होते. शत्रू आला की जखमी घरात, गुहेत, भुयारात लपवून ठेवायचे, त्यांना कण्हेरी पाजायची, पट्ट्या धुऊन उकळून पुन्हा वापरावयास द्यायच्या, ही कामे त्या गावांतील बायकांनी केली. युद्धाच्या इतिहासात या बायकांची नावे सापडत नाहीत.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने असलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले. रुग्णालय म्हणजे मोठी इमारत असे समजू नका. शेतकऱ्यांच्या घरांतून पसरलेल्या खाटा, आणि शत्रू जवळ आला की सगळे उचलून दुसरे गाव. तेथेच एक वैद्यकीय शाळाही होती. कोटणीसांनी चिनी भाषा लिहिण्या-वाचण्याइतकी शिकून घेतली आणि त्या भाषेत ते शस्त्रक्रिया शिकवू लागले. मला त्यांच्या ७२ तासांपेक्षा हे अधिक मोठे वाटते. एका डॉक्टरला एका वेळी एकच जखमी पाहता येतो. त्याने वर्गात बसवलेली पन्नास मुले पन्नास गावांत जातात. शेवटी शेवटी ते विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहीत होते. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही.

याच शाळेत ग्वो छिंगलान नावाच्या तरुण बाई शुश्रूषा शिकवीत असत. दोघांचा परिचय वाढला आणि १९४१ च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले.

परंतु प्रकृती आतून ढासळत होती. त्यांना अपस्माराचे, म्हणजे आपण फेफरे म्हणतो त्याचे, झटके येत असत. अपस्माराला जागरणासारखा वैरी नाही. त्यांना कामच जागरणाचे. उपचारासाठी मागे सुरक्षित जागी जा, असा वरिष्ठांनी आग्रह केला, तो त्यांनी मानला नाही. दुसऱ्यांच्या जखमांचे तास मोजणाऱ्या या माणसाने स्वतःचे दिवस मोजले नाहीत. बेथूननी बोटाच्या चिरेकडे दुर्लक्ष केले, यांनी झटक्यांकडे. येथे मात्र मी त्यांच्या बाजूने बोलू शकत नाही. जो सर्वांना आधी काय पाहावे ते शिकवतो, त्याने स्वतःला रांगेत शेवटी उभे करावे, हे त्या बायकोच्या व तान्ह्या मुलाच्या दृष्टीने बरे झाले नाही. घरोघरच्या आयांनाही ही खोड असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

जाता जाता एक सांगते. फेफरे आलेल्याला कांदा किंवा वहाण हुंगवणे, दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे, हे अजून आपल्याकडे चालते. याने अपाय होतो. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, झटका ओसरला की कुशीवर वळवावे, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक दवाखाना गाठावा.

९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील एका खेड्यात लागोपाठ झटके येऊन डॉक्टर कोटणीस वारले. वय बत्तीस वर्षे दोन महिने. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर बोलपट काढला, आणि घरोघरी कोटणीस हे नाव झाले ते त्यामुळेच. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो आधारलेला होता. स्वतः शांताराम कोटणीस झाले, जयश्रीबाईंनी त्यांच्या पत्नीची भूमिका केली. बोलपटात प्लेगच्या साथीला फार महत्त्व दिले आहे आणि डॉक्टरांचा मृत्यूही प्लेगनेच दाखवला आहे. बोलपटाला तशी मुभा असते. पण त्यामुळे त्यांचे खरे काम, उघड्या माळावर पडलेला जखमी माणूस आणि सुरी यांच्यामधले अंतर तोडण्याचे, मागे पडले.

आज चारठाण्याहून मोठे इस्पितळ गाठायचे म्हणजे परभणीला जावे लागते, आणि वाटेत वेळ जातोच. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ पासून धावत आहेत. फोन केला की गाडीबरोबर डॉक्टरही यावा अशी योजना आहे. बेथून-कोटणीसांचे खेचर ते हेच. परंतु गाडी येईपर्यंतची मिनिटे आपल्याच हातांत असतात. १९७६ साली अमेरिकेत स्टायनर नावाचे अस्थितज्ज्ञ स्वतः विमान चालवीत असता ते पडले; पत्नी जागीच गेली, मुले जबर जखमी झाली. जवळच्या लहान इस्पितळात आधी काय पाहावे याची काही रीतच नाही, असे त्यांना दिसले. त्या दुःखातून एक शिक्षणक्रम निघाला आणि आता जगभरचे डॉक्टर तो शिकतात. घसघसा रक्त वाहत असेल तर ते आधी दाबायचे. मग तोंड व घसा मोकळा आहे का, पण मान न वळवता. मग श्वास नीट चालला आहे का, छाती दोहो बाजूंनी सारखी हलते का. मग नाडी, मग शुद्ध, आणि शेवटी कपडे सैल करून दुसरी जखम कोठे लपलेली नाही ना ते पाहायचे आणि लगेच पांघरूण घालायचे, कारण गारठलेल्या अंगाचे रक्त नीट गोठत नाही. बेशुद्ध माणसाला पाणी नाही, चहा नाही, दूध नाही. त्याला ओकारी आली, तर चौघांनी मिळून डोके, खांदे व कंबर एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखा कुशीवर वळवायचा. मोडलेला पाय आहे त्या स्थितीत काठी व लुगड्याच्या पट्टीने बांधायचा, ओढून सरळ करायचा नाही.

पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भयाने पुष्कळजण जखमीला हात लावत नाहीत. हे भय बाळगण्याचे कारण उरलेले नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, आणि जखमीला मदत करणाऱ्याला दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळाले. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशीही सक्ती नाही.

फाट्यावरच्या त्या परिचारिकाबाईंनीही आपले नाव सांगितले नव्हते.

कोटणीसांचा मुलगा यिनह्वा मोठा होऊन वैद्यकच शिकत होता. तो १९६७ साली चोविसाव्या वर्षी वारला. ग्वो छिंगलानबाई भारतात अनेक वेळा येऊन गेल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. त्या २०१२ साली, नव्वदी उलटल्यावर, चीनमध्ये वारल्या. डॉक्टरांची समाधी तेथील शीच्याच्वांग शहरात आहे आणि सोलापुरात भय्या चौकात त्यांचे स्मारक आहे. आपल्या मंडळाची सहल तुळजापूर-पंढरपूरला निघाली की सोलापूर वाटेतच लागते. यंदा तासभर तेथे थांबावे, असे मी चिटणीसबाईंना सुचवले आहे.